प्रोप्रायटर मॅडम आहेत का?

गुरुवार होता. आमच्या पिंपरी-चिंचवडात कारखान्यांना सुट्टी गुरुवारची, त्यामुळे रूपीनगरच्या गल्लीत त्या एका दिवशी पुरुषमाणसं उजेडात बघायला मिळतात. आमचे हे बर्मुडा घालून खुर्चीत बसले होते, मोबाइल बघत. मी गॅसवर उपवासाची भगर ठेवली होती. बेल वाजली. हात पुसत दार उघडलं तर समोर चाळिशीचा एक गृहस्थ. कोपरात हेल्मेट अडकवलेलं, छातीशी बॅग धरलेली.

"प्रोप्रायटर मॅडम आहेत का?"

मी म्हटलं, "चुकलात तुम्ही. इथं कोणी मॅडम राहत नाही. वरच्या मजल्यावर शाळेतल्या एक बाई आहेत, त्यांना विचारा."

त्यानं बॅगेतून कागद काढला आणि माझं नाव वाचलं. माझं, मग ह्यांचं, मग आडनाव, रेशनकार्डावर असतं तसं सगळं ओळीनं. आणि त्यापुढं म्हणाला, "एंटरप्रायजेस. ह्याच्या प्रोप्रायटर."

अगं बाई, म्हणजे मीच की! मी मागं वळून बघितलं, तर खुर्ची रिकामी. बाथरूमची कडी लागल्याचा आवाज आला आणि नळ धो धो सुटला. आमच्याकडं पाणी एक दिवसाआड येतं. मी भांडी घासताना वाटीभर पाणी जास्त सांडलं तर बोलणारा हा माणूस, टाकीतलं पाणी असं सोडून आत उभा! तेव्हा मला त्या पाण्याचंच वाईट वाटलं. बाकीचं कळायला वेळ लागला.

मी प्रोप्रायटर कशी झाले, ते सांगते. त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

ह्यांनी अठरा वर्षं दुसऱ्यांच्या वर्कशॉपमध्ये मशीन चालवलं. हात असा की, कागदावरचं ड्रॉइंग एकदा बघितलं की लोखंडाचा तुकडा तसाच्या तसा कापून समोर ठेवणार. मालक लोक ह्यांना सोडायला तयार नसत. शेवटी ह्यांच्या मनानं घेतलं, आपलं काहीतरी करायचं. तळवड्यात एक गाळा भाड्यानं घेतला. एक जुनं लेथ मशीन आणलं. आणि फर्म काढली माझ्या नावानं. ती काही माझ्यावरच्या प्रेमानं नाही. आमच्या त्या गाळ्यांच्या लायनीत निम्म्या पाट्यांवर बायकांची नावं आहेत, कुणाच्या मुलीचं, कुणाच्या आईचं, बहुतेक बायकोचं. आणि त्या सगळ्या बायका घरी पोळ्या लाटतायत. तशी रीतच आहे तिथली. कुणी विचारत नाही का म्हणून.

दोन-तीन वर्षांनी चाकणच्या एका कंपनीचं काम लागलं. गाडीच्या सीटखाली बसणारं एक ब्रॅकेट. काम भरपूर, पण त्याला मोठं मशीन पाहिजे, कॉम्प्युटरवर चालणारं. ते कर्जाशिवाय येणार नव्हतं आणि आमच्याकडं तारण ठेवायला होतं काय, माझ्या गळ्यातलं तेवढंच. तेव्हा कर्ज करून देणारा एक एजंट घरी आला. चहा पीत म्हणाला, "वहिनी, तारण-बिरण काही नको. ह्या कर्जाला सरकारची हमी असते. आणि अर्जदार लेडीज असली की फाइल पटकन सरकते." बँकेत मला खुर्चीवर बसवलं. प्रत्येक पानावर पेन्सिलीनं फुली मारलेली, तिथं सही करायची. मी केली. हात भरून आला माझा. मधे एकदा विचारलं, "काय लिहिलंय हे?" तर हे म्हणाले, "अगं, नेहमीचंच असतं ते."

बास, एवढंच माझं शिक्षण. मशीन आलं त्या वर्षी खंडेनवमीला मी त्याला हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ ह्यांनी फोडला. ह्यांनी व्हिजिटिंग कार्ड छापून आणली, त्यावर मोठ्या अक्षरात माझं नाव आणि खाली मोबाइल नंबर ह्यांचा. मला त्यात काही खटकलंच नाही! उलट मी बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगत सुटले, "सरकार जामीन राहिलंय माझ्यासाठी." पेढे वाटले मी त्याचे. सरकारनं माझ्या पाठीवर हात ठेवलाय, बुडालंच काही तर सरकार भरेल, असंच मला वाटायचं. ह्यांनाही तसंच वाटायचं. एवढा ड्रॉइंगमधला केसाएवढा फरक पकडणारा माणूस, पण त्या कागदावरची एक ओळ ह्यांनी वाचली नव्हती.

मग चाकणच्या कंपनीनं मॉडेल बदललं. नव्या सीटला ते ब्रॅकेट लागतच नव्हतं. झालं, एका महिन्यात मशीन गप्प. ह्यांनी हप्ता एकदा चुकवला, दोनदा चुकवला, मग भरायचंच सोडून दिलं. मला म्हणाले, "टेन्शन घेऊ नको, हमी आहे ना." आणि मी खरंच घेतलं नाही.

म्हणून त्या गुरुवारी दारातल्या माणसाला मी अगदी ठसक्यात म्हटलं, "अहो, मग सरकारकडं जा ना! जामीन ते आहेत. माझ्याकडं कशाला आलात?"

तो हसला. पण कुचकं नाही, दमल्यासारखं हसला. जिन्याच्या पायरीवर टेकला आणि म्हणाला, "ताई, दिवसातून एकदा तरी हे वाक्य ऐकतो मी. हमी बँकेला आहे, तुम्हाला नाही. तुम्ही बुडवलं तर सरकार बँकेला थोडंफार भरून देणार. पण तुमच्या नावावरचं कर्ज जसंच्या तसं. तुमच्याकडनं वसूल होईल तेव्हा बँक सरकारला परत करणार. तुम्ही सुटत नाही त्यातनं." त्याच्या बोलण्यातला हेल ओळखीचा होता. आमच्या मराठवाड्याकडचाच होता तो. त्यामुळे ते जास्तच खरं वाटलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

जाताना म्हणाला, "दोन महिन्यांत खातं सुरळीत झालं नाही तर बँक मशीन उचलणार. नोटीस निघालीय. मॅडम, तुम्ही मालक आहात, तुम्हीच बघा."

तो गेल्यावर पाचेक मिनिटांनी नळ बंद झाला. हे बाहेर आले. अंग कोरडं ठणठणीत. भगर खाली लागून करपली होती.

त्यानंतरचे दिवस आठवायलाही नको वाटतात. माझ्या मोबाइलवर फोन सुरू झाले. सकाळी आठच्या आधी नाही आणि संध्याकाळी सातनंतर नाही, तेवढा नियम ते पाळायचे. पण त्या मधल्या अकरा तासांत त्यांनी मला सळो की पळो करून सोडलं. वेगवेगळे नंबर, वेगवेगळे आवाज. एक बाई होती, ती इतकं गोड बोलायची की मला शिवी दिल्यासारखं व्हायचं. "मॅडम, आज किती भरताय?" जशी काही मी रोज तिच्याशी भिशीच खेळते. मी फोन पिठाच्या डब्याखाली ठेवायचे. तिथंही तो थरथरायचा आणि डब्यावरचं झाकण वाजायचं.

मी दुपारी त्रिवेणीनगरला एका पोळी केंद्रात कामाला जात होते. एक ते चार. तिसऱ्याच दिवशी तो हेल्मेटवाला तिथं हजर. काउंटरवर उभा राहून सगळ्यांदेखत, "प्रोप्रायटर मॅडम आहेत का?" बाकीच्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. केंद्राची मालकीण म्हणाली, "अगंबाई, तू प्रोप्रायटर? मग माझ्याकडं पोळ्या कशाला लाटतेस?" चेष्टाच केली तिनं, वाईट मनात नव्हतं तिच्या. पण त्या दिवशी माझी एकही पोळी गोल झाली नाही.

मी वेळ बदलली, तर तो बदललेल्या वेळेला आला. गुरुवारी घरी असते, तर गुरुवारी घरी. डोक्यातून एकच भुंगा जाईना, ह्याला कळतं कसं? माझा नंबर ह्या बँकेच्या लोकांना मिळाला कुठून? कार्डावर तर ह्यांचा होता. मोटारसायकल गल्लीत वळली की मी खिडकीच्या आड. भाजी आणायला लांबच्या रस्त्यानं जायचे. चालताना सारखी मागं वळून बघायचे, कर्ज घेतलं नसून दरोडाच घातला असावा अशी. घरात हे मुके. सकाळी डबा घेऊन गाळ्यावर जायचे आणि बंद मशीनसमोर बसून यायचे. आणि एक सांगते, ह्यांचा फोन कधी वाजायचा नाही. माझ्या ते लक्षातच आलं नाही तेव्हा.

लक्षात आली ती समोरच्या दारातली आक्का. आक्का म्हणजे आमची घरमालकीण, जुन्या तळवड्याची, शेती होती तिथं बिल्डिंग उभी केलेली. दिवसभर दारात खुर्ची टाकून बसते, कोण आलं, कोण गेलं, सगळी नोंद तोंडपाठ. एका गुरुवारी मी बघितलं, तो हेल्मेटवाला तिच्याशी बोलत उभा आहे आणि ती माझ्या दाराकडं हात करतेय. झालं! माझं डोकं फिरलं. तो गेला आणि मी तिच्यावर तुटून पडले. म्हटलं, "आक्का, शोभतं का तुम्हाला हे? माझ्या जाण्यायेण्याच्या वेळा सांगता लोकांना? काय देतो तो तुम्हाला?"

ती खुर्चीतून अर्धी उठली. "आमी? आमी कशाला सांगू गं? त्यो घर बदललं का म्हनून इचारत व्हता, दार त्येच हाय म्हनून दावलं."

"मला शिकवू नका. तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे इथं डोळे लावून बसलेलं?" असं आणि आणखी पुष्कळ बोलले. जिन्यात माणसं जमली. आक्कानं खुर्ची उचलली, आत गेली आणि दार लावून घेतलं. मी दहा वर्षांत ते दार दिवसा लागलेलं बघितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ह्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाले, "मशीन घेऊन जाऊ दे त्यांना. मी उद्यापासून कुणाकडं तरी ऑपरेटर म्हणून लागतो."

मी म्हटलं, "मशीन जाईल आणि कर्ज? अर्ध्या किमतीत विकतील ते भंगारासारखं. उरलेलं कोणाच्या नावावर राहणार? माझ्या! तुम्ही लागाल कामाला, आणि मी मरेपर्यंत ह्या फोनवर हो-हो करत बसू?"

ह्यांनी वरणात पोळी कुस्करायला घेतली. मला इतका संताप आला की, समोरचं ताट मी ढकललं. त्यातलं वरण फरशीवर गेलं, मीच ते पुसलं. पण पुसता पुसता एक गोष्ट पक्की झाली. मशीन गेलं तर सगळं गेलं. ते गाळ्यातून हलता कामा नये, आणि ह्या घरात ते थांबवू शकेल असं माणूस दुसरं नाही.

दुसऱ्या दिवशी पोळी केंद्रातून पंधरा दिवसांची रजा घेतली आणि ह्यांच्याबरोबर गाळ्यावर गेले. मशीन आल्यापासून दुसऱ्यांदा. विचारलं, "ह्याच्यावर ब्रॅकेटशिवाय आणखी काय काय होतं?" हे सांगायला लागले, आणि काय सांगू, माणूस बदलला. प्लेट दाखवली, भोकं दाखवली, एक तुकडा माझ्या हातात देऊन म्हणाले, "बघ, बोट फिरवून बघ, कुठं अडकतं का." अडकत नव्हतं. हा तोच माणूस, जो बेल वाजली की कडी लावतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते दाखवायची वेळ नव्हती. मी तसले आठ-दहा नमुने पिशवीत भरले, कार्डांचा गठ्ठा घेतला आणि प्रत्येक कार्डावरचा ह्यांचा नंबर खोडून बॉलपेननं माझा लिहिला.

मग चाकण. तळवड्याहून शेअर रिक्षा, मग बस, मग उन्हात पायी. एकेका कंपनीचं गेट म्हणजे एकेक किल्ला. सिक्युरिटीवाला विचारायचा, "किससे मिलना है?" मला कुणाचं नावच माहीत नसायचं. म्हणायचे, "परचेसवाले साहेब." "अपॉइंटमेंट?" नाही. "फिर बैठो." बसायचे. कॅन्टीनला बायका हव्यात का विचारायला आलीय असं दोन ठिकाणी समजले. एका ठिकाणी तर आत नेऊन थेट भांड्यांजवळच उभी केली! मी कार्ड काढून त्या सुपरवायझरच्या हातात दिलं आणि म्हटलं, "भाऊ, मी प्रोप्रायटर आहे." आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं ते. हेल्मेटवाल्यानं इतके दिवस कानीकपाळी ओरडून ओरडून शिकवलेला शब्द, तो असा कामाला आला.

अकराव्या दिवशी एका मध्यम आकाराच्या कंपनीतल्या परचेसवाल्या साहेबानं मला आत बोलावलं, बहुतेक रोज रोज गेटवर बघून कंटाळला असावा. नमुने उलटेपालटे करून बघितले, बोट फिरवलं. "काम चांगलं आहे. टॉलरन्स किती धरता? मापात फरक किती येतो?" मी म्हटलं, "साहेब, मला त्यातलं कळत नाही. ज्यांना कळतं त्यांना विचारते." आणि तिथंच ह्यांना फोन लावला, स्पीकरवर टाकला. हे मशीनबद्दल बोलायला लागले की थांबत नाहीत. साहेब ऐकत राहिला, मधे दोन अवघड प्रश्न विचारले, हे खाडखाड बोलले. साहेब हसून म्हणाला, "ह्यांना कुठं लपवून ठेवलं होतंत?" मी काय सांगणार, बाथरूममध्ये?

दोनशे प्लेटांची ट्रायल ऑर्डर मिळाली. ती पास झाली तर दर महिन्याचं काम. तो कागद मी बसमध्ये छातीशी धरून आणला, खिडकीतून उडेल म्हणून. हे रात्रंदिवस मशीनवर उभे राहिले, आठवड्यात प्लेटा दिल्या आणि त्या पास झाल्या. तोवर नोटिशीची मुदत संपायला चारच दिवस राहिले होते. मी हेल्मेटवाल्याला स्वतः फोन केला. तो इतका दचकला, त्याला वाटलं कोणीतरी दुसरंच बोलतंय. म्हटलं, "मॅनेजरची वेळ घेऊन द्या. पळून जाणाऱ्यांतली मी नाही." तो म्हणाला, "ताई, असा फोन मला पहिल्यांदाच आलाय." आणि वेळ घेऊन दिली त्यानं, ते मान्य करायला हवं.

बँकेत हे माझ्यासोबत आले. बळंच आणलं. इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीच्या टोकावर बसले. मॅनेजरनं ऑर्डरचा कागद वाचला, ट्रायल पास झाल्याच्या कंपनीच्या मेलची प्रिंट झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलीनं काढून दिली होती, ती वाचली. म्हणाला, "हप्ता लहान करता येईल, मुदत वाढवता येईल. तुम्ही आधीच यायला हवं होतं." मग जुना पत्ता बघायला त्यानं फाइल उलटी चाळायला घेतली आणि मधेच थांबला. एक कागद काढून माझ्यापुढं सरकवला आणि ह्यांच्याकडं बघून म्हणाला, "हे पत्र तुमचंच ना? मग आज तुम्ही कसे काय आलात?"

ते अक्षर मी वाचायच्या आधीच ओळखलं. ड्रॉइंगवर लिहितात तसं सुटं सुटं, एकसारख्या उंचीचं, इंग्रजी सातच्या पोटात आडवी रेघ. लिहिलं होतं की, सदर कर्जाबाबत यापुढे माझ्याशी नव्हे तर प्रोप्रायटर यांच्याशीच संपर्क साधावा. खाली माझा मोबाइल नंबर. त्या गुरुवारी घरी असतात, इतर दिवशी दुपारी एक ते चार त्रिवेणीनगरच्या पोळी केंद्रात असतात. केंद्राचा पत्ता, खुणेसकट. वेळ बदलली तेव्हाची नवी वेळ समासात वेगळ्या शाईनं लिहिलेली, म्हणजे हे पुन्हा येऊन लिहून गेले होते. आणि शेवटची ओळ, 'या व्यवसायाशी माझा संबंध केवळ कामगार म्हणून आहे.'

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे टेबलाच्या कडेला बघत होते, कड सरळ आहे का ते तपासतात तसं.

त्या क्षणी मला उठून जावंसं वाटलं. खरं सांगते, ह्या माणसाची मला किळस आली. मग कीव आली, आणि कीव आली म्हणून पुन्हा राग आला. पण मी उठले असते तर मशीन गेलं असतं. मॅनेजरनं नवे कागद पुढं केले. सगळीकडं पेन्सिलीच्या फुल्या तयार. मी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. मॅनेजरनं घड्याळाकडं बघितलं. मी म्हटलं, "साहेब, बसा. मागच्या वेळी राहून गेलंय." अडलं तिथं विचारलं. तासभर लागला. मग सह्या केल्या.

बाहेर चहाच्या टपरीजवळ हे बोलले. "बाईमाणसाला बघून ते लोक जास्त त्रास देत नाहीत, असं सगळे म्हणाले. आमच्या लायनीत सगळ्यांनी तेच केलंय. म्हणूनच तर फर्म..." आणि थांबले.

"म्हणूनच फर्म माझ्या नावानं," मी वाक्य पुरं केलं. "मशीन येण्याच्या आधीपासनं हे ठरलेलं होतं तर."

"मला भीती वाटते गं," हे म्हणाले. "मला बोलताच येत नाही लोकांशी."

"आणि मला नाही वाटली भीती?" मी ओरडलेच. टपरीवरची माणसं बघायला लागली, बघू देत. "पिठाच्या डब्याखाली फोन ठेवून पोळ्या लाटत होते मी! त्या आक्काला मी चारचौघांत चोर ठरवलं! आणि तुम्ही जिन्यातच उभे होतात तेव्हा. तिथंच उभे होतात, आणि एक शब्द बोलला नाहीत."

ह्यांच्या हातातला चहा तसाच गार झाला. मी माझा पिऊन टाकला, कारण पैसे मीच दिले होते.

घरी गेल्यावर आधी आक्काचं दार वाजवलं. दार उघडलं, पण ती बाजूला झाली नाही. मी म्हटलं, "आक्का, चुकले मी. तुम्ही नव्हता सांगत." कोण सांगत होतं ते मी सांगितलं नाही, पण तिनं माझ्या खांद्यावरून आमच्या दाराकडं बघितलं, आणि तिला कळलं असावं.

"सांगायचंच आसतं तर आदी भाड्याचं नसतं का सांगितलं?" ती म्हणाली. "तीन म्हैने झालं तुमचं भाडं थकल्यालं हाय. आमी कुनाला बोललो? तुला तरी बोललो का?"

मला त्याची कल्पनाच नव्हती. भाडं हे भरतायत असं मी धरून चालले होते. दारातच उभी राहून मी रडले, इतक्या दिवसांचं सगळं. आक्का म्हणाली, "व्हय, पुरं आता, लोक बघत्यात." आणि खुर्ची पुन्हा बाहेर काढली.

मी नवरा सोडला नाही. काही जणींना वाटेल सोडायला हवा होता. मशीन त्यांच्याशिवाय चालत नाही हे एक, आणि दुसरं मला अजून नीट सांगता येत नाही. गाळ्याची किल्ली मात्र माझ्याकडं असते. हप्ता लहान आहे, वर्षं पुष्कळ आहेत. फोन वाजला की अजून हात आधी पिठाच्या डब्याकडं जातो, मग तो चाकणहून असला तरी.

त्यानंतरच्या दुसऱ्या गुरुवारची गोष्ट. मी भाकरी थापत होते. बेल वाजली. सवयीनं ह्यांचे पाय बाथरूमकडं वळले.

"थांबा," मी म्हटलं.

थांबले.

"दार उघडा. प्रोप्रायटर मॅडम आहेत का विचारतील. आहेत म्हणा. मी हात धुऊन येते."

"आणि मग?"

"मग काही नाही. मी येईन तेव्हा तिथंच उभे असा."

हे दाराशी गेले. कडीवर हात ठेवून तसेच उभे राहिले, पुन्हा एकदा बेल वाजेपर्यंत. मी तव्यावरची भाकरी उलटली, गॅस बारीक केला, आणि नळ सोडला तो हात धुण्यापुरताच. बाहेर हेल्मेटवाला नव्या खात्याचे कागद घेऊन आला होता, एवढंच. पण मी ओले हात घेऊन बाहेर आले तेव्हा दारात दोन माणसं होती. एक उंबऱ्याच्या बाहेर, आणि एक आत, घाबरलेला, पण उभा.